सहा अंड्यांचा तह

चौदा वर्षं मी लष्करी महाविद्यालयात जुन्या लढाया शिकवते आणि चौदा वर्षं कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, आजच्या काळात याचा उपयोग काय?" यंदा ते खुद्द प्राचार्यांनी विचारलं. वार्षिक युद्धखेळात माझी बाजू हरली, तर इतिहासाचा तास वेळापत्रकातून कायमचा जाणार होता.

समोरचा सेनापती कोण, तर माझा सख्खा धाकटा भाऊ! माझाच जुना विद्यार्थी, आता कॅप्टन, आणि आठ दिवसांनी सरहद्दीवर रुजू होणार.

"ताई, तुझे हत्ती-घोडे तयार होईपर्यंत माझे ड्रोन चहा पिऊन परत येतील," तो म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खेळ म्हणजे सभागृहात मांडलेला वाळूचा भलामोठा नकाशा आणि लाकडी रणगाडे. जो आधी तह मागेल तो हरला आणि तोवर कुणी सभागृहाबाहेर जायचं नाही, एवढेच नियम. पण धाकट्याला सगळं दणक्यात हवं होतं. रणगाडे सरकवायला माणसं कमी पडली म्हणून त्याने मेसचा आचारी, त्याचे दोन मदतनीस, वाढपी, झाडून सगळे सैन्यात भरती केले. शेजारच्या ग्रंथालयातली चार टेबलंही न विचारता उचलून आणली. ग्रंथपालबाई तणतणत आल्या, तर पठ्ठ्या म्हणतो, "युद्ध चालू आहे, बाई. नंतर बघू."

माझ्या सैन्यात मी आणि नकाशाची वाळू चाळणारे शिपाईमामा. खेळ सुरू व्हायच्या आत आम्ही दोघांनी एक टेबल उचलून ग्रंथालयात परत ठेवलं आणि बाईंची माफी मागितली. भावाची चूक होती, मला लाज वाटली.

अकरापर्यंत त्याने माझी राजधानी घेतली. बारापर्यंत दोन नद्या ओलांडल्या. मी एकेक टेकडी सोडत गेले.

"पळतेस काय गं ताई?"

"मागे सरकतेय. फरक शिकवला होता मी. तू झोपला होतास."

एक वाजला. जेवणाची घंटा झाली, पण जेवण येईना. प्राचार्यांनी दाराकडे पाहिलं, मग सगळ्यांनी पाहिलं. शेवटी प्राचार्यांची नजर आचाऱ्यावर गेली.

"अहो, जेवणाचं काय?"

"साहेब," आचारी हातातला रणगाडा सावरत म्हणाला, "मी उत्तर आघाडीवर आहे ना."

मी इतकी हसले की मामांना मला धरावं लागलं. तेवढ्यात ग्रंथालयाची भिंतीतली पुस्तकं द्यायची खिडकी उघडली. आधी चहाची किटली आली, मग वाफाळती सहा उकडलेली अंडी.

"तुम्हा दोघांसाठी," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

धाकटा धावला. "बाई, आम्हालाही काहीतरी..."

"युद्ध चालू आहे, साहेब. नंतर बघू." आणि खिडकी बंद.

मी अगदी सावकाश एक अंडं सोललं. मीठ लावलं. ड्रोनवाले माझ्या हाताकडे टक लावून बघत होते. अडीच वाजता कॅप्टनसाहेबांनी तह मागितला आणि सही केली: राजधानी परत, टेबलं परत, बाईंची माफी, बदल्यात तीन अंडी. उरलेल्यातलं एक मी प्राचार्यांना दिलं. त्यांनी ते उभ्याउभ्याच खाल्लं आणि हात पुसून इतिहासाचा तास वेळापत्रकात पेनाने पक्का केला. मी मामांबरोबर सभागृहभर नाचायचीच बाकी होते.

सोमवारी पहिल्या तासाला पहिल्या बाकावर धाकटा बसला होता. नवी कोरी वही, टोक केलेली पेन्सिल. थट्टा करायला आलाय असं वाटून मी डोळे वटारले.

"ताई," तो हळूच म्हणाला, "पळणं आणि मागे सरकणं, तो फरक पुन्हा सांग ना. मी खरंच झोपलो होतो. माझ्याबरोबर चाळीस जण असणार आहेत."

त्याच्या जाण्याला पाच दिवस उरले होते. मी फळ्यावर टेकडी काढली, तिच्यावरून मागे येणारी वाट काढली. तास संपल्याची घंटा झाली, तरी मी शिकवतच राहिले.