आवाज विरेपर्यंत

...ती पारदर्शक नळी बाबांच्या कानावरून वळून आत गेली होती. केसापेक्षा जेमतेम जाड, आणि आतून अगदी कोरडी. गाडीच्या मागच्या सीटवरून तिला ती स्पष्ट दिसत होती. नळीत दमटपणाचा एक ठिपका नाही, म्हणजे रात्री ऐकण्याचं मशीन डबीत वाळवत ठेवलं होतं; कानामागचा भाग स्वच्छ, म्हणजे सकाळी आठवणीने पुसलं होतं; आणि बाबांचा हात मांडीवर स्वस्थ पडून होता, दर दोन मिनिटांनी कान चाचपायला वर जात नव्हता – म्हणजे आता ते टोचत नव्हतं, अंगवळणी पडलं होतं. आणि यासाठी तिने काय काय केलं नव्हतं! विनवण्या झाल्या, रागावणं झालं, अबोला धरून झाला. दिवसभर दवाखान्यात ती लोकांचे कान तपासायची, कुणाकुणाचे हट्टी आजोबा तिच्या दोन शब्दांवर निमूट मशीन लावून घरी जायचे, आणि घरी तिचे स्वतःचे बाबा तेच मशीन कपाटाच्या खणात टाकून वर्तमानपत्र उघडायचे. "मला ऐकू येतं तेवढं पुरे आहे गं. राहिलेलं तू सांगतेसच की."

राहिलेलं ती सांगत होती. वर्षानुवर्षं.

"चिमे, मागे वारा लागतोय का?" बाबांनी मान न वळवता विचारलं. चाळिशी उलटली तरी ती चिमीच होती.

"नाही," ती म्हणाली, अगदी हळू, ओठ जेमतेम हलवून. मुद्दामच. तपासणीच्या खोलीत हेच तर करायचं असतं – तोंडापुढे पुठ्ठा धरायचा, आवाज उतरवत न्यायचा, समोरच्याला कुठपर्यंत कळतं ते बघायचं.

"मग ठीक," बाबा म्हणाले.

कळलं त्यांना. पाठमोरे असून, गाडीच्या घरघरीत. आपण लावलेलं मशीन एवढं उत्तम चाललंय याचा आनंद व्हायला हवा होता, आणि तो होत नव्हता.

गाडी बाई चालवत होत्या. बाई म्हणजे पोहण्याच्या तलावावर शिकवणाऱ्या बाई, ज्यांच्याशी बाबांचं लग्न ठरलं होतं. त्यांना काय म्हणून हाक मारायची हे तिचं अजून ठरत नव्हतं. मावशी म्हणावं तर घशात अडकायचं, आई म्हणायचा प्रश्नच नव्हता. ती वाक्यंच अशी बांधायची की हाक मारावी लागू नये. 'तुम्ही चहा घेणार का', 'तुमची छत्री राहिली'. यात ती आता इतकी पटाईत झाली होती, की बाईंच्या ते लक्षातही येत नसावं. किंवा आलंही असेल. बाई हसतमुख होत्या, ठणठणीत होत्या, साठीच्या पुढेही त्यांचे खांदे एखाद्या पोरीसारखे ताठ होते. दोष काढायचा म्हटला तर सापडत नव्हता, आणि हा तर सगळ्यात मोठा दोष होता.

"कालची जागा मला पसंत नव्हती बाई," बाई म्हणाल्या. "गालिचा काय, जाड पडदे काय, एक खिडकी नाही मेली."

"तिथे लग्न लागतंय असं वाटलंच नसतं," बाबा म्हणाले. "बदलीचा हुकूम घ्यायला आलोय असं वाटलं असतं."

दोघंही खदखदून हसले. बाबा विनोद करायला कधी शिकले?

कालची ती खोली, बुटक्या छताची, कापडाने मढवलेल्या भिंतींची – तिथे पाय ठेवताच तिला कळलं होतं की बाबांसाठी हीच. तिथे शब्द बोलणाऱ्याच्या तोंडून निघून सरळ ऐकणाऱ्याच्या कानात जात होता, वाटेत कुठे अडखळत नव्हता. पण काल ती काही बोलली नव्हती. कुणी विचारलं नव्हतं.

आजची जागा म्हणजे एक जुनं कापडाचं गोदाम होतं, हल्लीच समारंभांसाठी दुरुस्त केलेलं. दार उघडलं, आणि आधी दिसला तो उजेड. उंच खिडक्यांतून तो तिरपा खाली उतरून दगडी फरशीवर पसरला होता. भिंती दगडाच्या, छत एवढं वर की मान दुखावी. बाई दारातच थबकल्या आणि त्यांनी बाबांचा दंड धरला. "अहो... बघा तरी!"

दार उघडून देणाऱ्या व्यवस्थापकाने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर टाकला.

तो आवाज तिने ऐकला. म्हणजे सगळ्यांनीच ऐकला, पण इतरांसाठी तो पडला तिथेच संपला. तिच्यासाठी तो भिंतीवर गेला, परतला, छताला लागला, समोरच्या भिंतीकडे घरंगळला, आणि तो विरेपर्यंत ती श्वास धरून उभी राहिली. किती वेळ लागला! रिकामं दालन आहे म्हणून जरा जास्त, हे खरं. माणसं आली की कपडे थोडं शोषून घेतील. पण माणसं नुसती शोषत नाहीत, बोलतातही. अशा जागी आधीच्या शब्दाची शेपूट पुढच्या शब्दावर पडते, स्वर तेवढे तरंगत राहतात आणि व्यंजनं विरघळून जातात. धडधाकट कानाचा माणूस अंदाजाने भागवून नेतो. बाबांचं मशीन मात्र सगळंच इमानदारीने मोठं करून देणार... शब्दही आणि त्यांचा लगदाही. लग्न कसं होणार होतं, तर सह्या, आणि सह्यांआधी दोघांनी उभं राहून एकमेकांना चार शब्द म्हणायचे. बाई ते चार शब्द पाठ करतायत असं बाबा कौतुकाने सांगत होते. इथे त्या चार शब्दांतला एकही बाबांपर्यंत पोचणार नव्हता.

"अगं, तू सांग," बाई तिच्याजवळ आल्या. आवाज त्यांनी उतरवला होता, त्यांच्या मानाने. "मला जागा फार आवडलीय, पण माझं सोड. यांना इथे नीट ऐकू येईल ना? तुझ्यासारखं आम्हाला काय कळणार त्यातलं. तू नाही म्हणालीस तर आपण कालची घेऊ. पडदे तर पडदे."

इतका सरळ प्रश्न. तिला वाटलं होतं, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातसुद्धा येणार नाही, आणि मग मला गप्प राहता येईल; गप्प राहणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. पण बाईंनी तीही सोय ठेवली नाही.

"येईल," ती म्हणाली.

"नक्की?"

"माणसं आली की घुमणं कमी होतं. रिकाम्या खोलीवरून ठरवायचं नसतं."

यातलं प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर बरोबर होतं. पेशंटला ती असं कधीच फसवत नसे. तिची जीभ जराही अडखळली नाही याचंच तिला नवल वाटलं. बाईंनी तिचा हात दाबला – "वाचवलंस बाई मला!" – आणि त्या व्यवस्थापकाकडे वळल्या.

आणि मग ते चित्र तिच्यासमोर आलं, बोलावल्यासारखं. दालन भरलंय. माणसं हसतायत, कुणी काही म्हणतंय, आणि नव्या कोटातले बाबा मधोमध उभे आहेत, चेहऱ्यावर ते तोंडदेखलं हसू, जे फक्त तिलाच ओळखू येतं, काही कळलेलं नसताना "हो हो" म्हणतानाचं. बाई बोलतात, ओठ हलतात. बाबांची नजर गर्दीत भिरभिरते... कुणाला शोधते? मग ते तिला बघतात. आणि थोडे वाकतात, डोकं एका बाजूला कलतं, जसं ती सात-आठ वर्षांची असल्यापासून कलत आलंय. काय म्हणाली गं? आई स्वयंपाकघरातून बोलायची आणि बाबांना ऐकू जायचं नाही. छापखान्यात उभी हयात गेली, कान तिथेच ठेवून आले, असं आई म्हणायची. आणि मग आई तिलाच सांगायची, "सांग तुझ्या बाबांना, जेवण वाढलंय." ती सांगायची. बाबा म्हणायचे, "सांग, आलोच." त्या दोघांचा अर्धा संसार तिच्या तोंडून झाला. आई गेली तेव्हा डॉक्टरांनी काय सांगितलं तेही तिनेच बाबांच्या कानाशी लागून सांगितलं होतं. त्यानंतर दुकानदार, शेजारी, फोनवरचे लोक, सगळं जग तिच्यातून गाळून बाबांकडे जात राहिलं. स्वतःचं लग्न आधी जमलं नाही, मग जमवायचं राहून गेलं. कुणी विचारलं तर ती म्हणायची, माझ्याकडे आधीच एक पुरुष आहे, त्याला ऐकू येत नाही, म्हणजे नवराच म्हणायचा. लोक हसायचे.

आणि आता तेच बाबा मशीन रोज वाळवतात. पुसतात. माझ्यासाठी नाही पुसलं कधी.

हो, दुखतंय माझ्या पोटात. दुखू दे. एक दिवस, फक्त त्या एका दिवशी त्यांनी माझ्याकडे वळावं, मग खुशाल न्यावं बाईंनी त्यांना.

बाबा दालनाच्या पार टोकाला, खिडकीखाली जाऊन उभे होते. पाठीमागे हात बांधून वर बघत. बाई या टोकाला, व्यवस्थापकाच्या शेजारी.

"अहो, टेबल इथे घ्यायचं का तिकडे, खिडकीपाशी?" बाईंनी विचारलं. तलावावर कमावलेला आवाज तो, दालनभर फुटला आणि त्याचे तुकडे भिंतींवरून परत येत राहिले.

बाबा वळले. चेहऱ्यावर हसू आलं... तेच. "हो हो," ते म्हणाले.

तिला हे बघताक्षणी कळलं, आणि तिचं पाऊल आपोआप उचललं गेलं. जायचं, जवळ जाऊन सांगायचं. राहिलेलं सांगायचं. तिला अंगभर एक ऊब जाणवली, लाज वाटावी अशी ऊब.

पण बाईंनी हात वर केला. तळवा आडवा धरला, टेबलासारखा, मग तो पायांपाशी दाखवला, मग लांब खिडकीकडे, आणि भुवया उंचावल्या. बाबांचं ते हसू पुसलं गेलं. त्यांनी क्षणभर विचार केला. मग दोन बोटांनी खिडकी दाखवली, तळहाताने उन्हाची तिरीप कापल्यासारखी केली, आणि डोळ्यांवर हात धरून मान हलवली – नको, डोळ्यांवर ऊन येईल. बाईंनी अंगठा दाखवला. मग आणखी काहीतरी, फार भराभर, कोपर आणि मनगट हलवून, आणि बाबा एकदम असे हसले की त्यांना गुडघ्यावर हात टेकावा लागला.

तिचं पाऊल तसंच राहिलं, टाच उचललेली.

तलाव. पाण्यात उतरताना मशीन काढून ठेवावंच लागतं. गुडघ्यांसाठी पोहा म्हणून तिनेच त्यांचं नाव तिथे घातलं होतं. म्हणजे ज्या एका जागी बाबांना काहीच, अगदी काहीच ऐकू येत नव्हतं, नेमके तिथेच हे दोघे भेटले, तिथेच बोलले, तिथेच त्यांचं सगळं ठरलं असणार. मशीन खणातून बाहेर आलं ते नंतर. आणि हातांनी बोलणं तर बाबांना आधीपासून येत होतं. यंत्रांच्या धडधडाटात छापखान्यातले सगळे असंच बोलायचे, हे तिने लहानपणी ऐकलं होतं. घरी मात्र ते हात वर्तमानपत्र धरून बसायचे. आईने कधी हात वर करून विचारलं नाही. तिनेही नाही. तिने कान दुरुस्त करायचं शिक्षण घेतलं.

म्हणजे त्या दिवशी ते माझ्याकडे वळणार नाहीत. दालन कितीही घुमलं तरी. जे मिळवायला खोटं बोलले तेच मिळणार नाही. खोटं तेवढं उरलं, जसंच्या तसं. चार शब्द हवेत विरतील, बाई हातांनी काहीतरी सांगतील, बाबा हसतील किंवा रडतील, आणि ती खुर्चीत बसून सगळं स्पष्ट ऐकेल.

"मग तारीख नक्की धरू ना?" व्यवस्थापकाने विचारलं.

बाबा दालन पार करून आले होते, जरा धापा टाकत. "हिला विचारा," ते म्हणाले. "कानाच्या बाबतीत आमच्या घरी हिचाच शब्द शेवटचा. काय चिमे? घ्यायची ना?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. हसून हसून त्यांचे डोळे ओले झाले होते, गालांवर रंग चढला होता. आणि आपल्याला काय होतंय ते तिला कळेना, कारण आतापर्यंत जे बाईंकडे बघताना आत जळत होतं, ते आता बाईंकडे बघितलं तर तिथे सापडत नव्हतं. ते बाबांकडे वळलं होतं. स्वतःच्या बापाकडे बघून, वर्गातल्या एखाद्या मुलीला काहीतरी मिळालं आणि आपल्याला नाही मिळालं की वाटायचं, अगदी तसं तिला वाटत होतं. तितकंच पोरकट, आणि कुठेही लपवता न येणारं. अजून बोलता येईल, तिला वाटलं. अजून म्हणता येईल, थांबा, माझं चुकलं, कालची खोली घ्या. किंवा इथेच जाड पडदे लावून घ्या, निम्मा आवाज जिरेल. तिघं वाट बघत होते. त्यांना वाटलं असावं की ती आवाजाचा हिशेब करतेय. या एवढ्या दालनाच्या पलीकडच्या टोकाहून कुणीतरी हात वर करून आपल्याला काही विचारावं, अगदी टेबल कुठे ठेवायचं एवढंच, असं तिला वाटत होतं, आणि हे मागायचं कुणाकडे, ते तिला माहीत नव्हतं.