गावभर फिरलेलं एकच दार

मी एक जुना पत्र्याचा दरवाजा आहे. थांबा, नाक मुरडू नका. हो, संडासाचाच दरवाजा आहे मी. पण मित्रांनो, आमच्या गावात माझ्याइतके फोटो कुणाचे निघाले नसतील. सरपंचाचे नाहीत, नवरदेवाचे नाहीत, गणपतीचेसुद्धा नाहीत. मी जरा मोठ्यानं बोलतो, त्याला इलाज नाही. पत्रा आहे मी, वाजणारच.

माझा जन्म जिंतूरचा. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत रंगनाथ मिस्त्रीचं वेल्डिंगचं दुकान होतं. लोखंडी पट्ट्यांची चौकट, तिच्यावर पत्रा, दोन बिजागऱ्या, बाहेरून एक कडी आणि आतून एक कडी. आतली कडी मिस्त्रीनं पुन्हा पुन्हा सरकवून बघितली. "बाहेरची नसली तरी चालंल, पर आतली लागलीच पायजे," असं तो स्वतःशीच पुटपुटत होता. मला त्या कडीचं काही कौतुक नव्हतं. मला कौतुक होतं माझ्या निळ्या रंगाचं. ऑइलपेंट होता तो, नुसता चकाकत होता. तो वाळायच्या आतच मला टेम्पोत टाकलं, कारण संडासांचा ठेका घेतलेल्या गुत्तेदार माणिकरावांना लय घाई होती.

बोरीच्या पुढं एका फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव लागतं. नाव सांगत नाही, उगाच चारचौघांत गावाची फजिती नको. त्या वर्षी सरकारच्या पैशातून घरोघर संडास बांधायचं काम निघालं होतं आणि ते माणिकरावांनी गुत्त्यानं घेतलं होतं. भिंती उभ्या राहिल्या, वर पत्रे पडले, भांडीही बसली. फक्त दारं आली नव्हती. आणि नेमका तेव्हाच तालुक्याहून फोन आला की सगळे फोटो ताबडतोब पाठवा.

या फोटोंचा एक नियम होता. घरचं माणूस संडासापुढं उभं पाहिजे, मागं दार लागलेलं पाहिजे, आणि फोटो कुठं काढला ती जागा फोन आपोआप टिपून घेणार. म्हणजे जिंतूरच्या संडासाचा फोटो आमच्या गावाचा म्हणून पाठवायची सोय नव्हती. फार हुशार फोन! त्याला जागा बरोबर कळायची. दार कुणाचं आहे, हे मात्र त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

मग माणिकरावांनी तोड काढली. "एकच दार आणलंय," ते पंचायतीपुढं उभे राहून म्हणाले. "लावायचं, फोटो काढायचा, पुढं न्यायचं. बाकीची आली की बसवून टाकू. कुणाचं काय बिघडायलंय?"

फोटो काढायचं काम सुकेशनीकडं होतं. ती पंचायतीत कॉम्प्युटरवर बसायची. विहाराच्या मागं तिचं घर. घरात नोकरीला लागलेली ती पहिलीच, त्यामुळं काम फार जपून करायची. ती म्हणाली, "काका, चालंल का असं?"

"अगं, दारं येणारच हायेत. आज न्हाई तर उद्या."

तिनं जरा विचार केला आणि पर्समधून फोन काढला. मित्रांनो, त्या दिवशी कुणाच्याही मनात पाप नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. छाती आणि हात मला नाहीत, पण तुम्ही समजून घ्या. सगळ्यांना खरंच वाटत होतं की दारं येणार आहेत.

मला पहिल्यांदा लावलं ते केवळाबाईच्या घरी. तिचा नवरा येडबा मेंढरं घेऊन रानोरान फिरायचा, त्यामुळं ती बहुतेक वेळा घरी एकटीच असायची. घर अगदी रस्त्याला लागून. येष्टीला जाणारा प्रत्येक माणूस तिच्या दारावरून जायचा. मला बघून ती इतकी खूश झाली म्हणता! ठेवणीतलं लुगडं नेसून आली. नवीन वस्तू घरात आली की तिचं स्वागत करायचंच, म्हणून तिनं ताटलीत कुंकवाचं पाणी केलं, त्यात उजवा हात बुडवला आणि माझ्यावर छापा उमटवला. रंग अजून ओला होता. छापा त्यात जो रुतला तो कायमचा. पाचही बोटं दिसतात, करंगळी जराशी वाकडी.

"काकू, हसा की थोडं," सुकेशनी म्हणाली. केवळाबाई पदर तोंडाशी धरून हसली. फोटो निघाला. लगेच माझ्या बिजागरीची तार सोडली आणि मला उचललं.

"अगं बाई, दार कुठं न्यायलाव?"

"येईल येईल, तुमचं येईल," माणिकराव चालता चालता म्हणाले.

पुढं मी गावभर मिरवलो. काय सांगू थाट! माझ्याजवळ उभं राहायचं म्हणून लोक केस विंचरून येत होते, लेकरांची तोंडं पुसत होते. पाटलाच्या वाड्यापासून वस्तीपर्यंत असं एक घर नव्हतं, जिथं मला मान मिळाला नाही. प्रत्येक फोटोत मी, आणि माझ्यावर केवळाबाईचा हात. तालुक्याच्या कचेरीत कुणी दोन फोटो शेजारी ठेवून बघितले असते तरी कळलं असतं. पण तिथं फोटो बघत नव्हते, मोजत होते. फोटो आला की नावापुढं हिरवी खूण लागत होती.

मग गाव हागणदारीमुक्त झाल्याचा फलक लागला. सत्कार झाला. मोबाइलवर बातम्यांचं चॅनेल चालवणारा बबलू आला. गावातून येताना त्यानं बिनदाराचे संडास बघितले होते, आंधळा नव्हता तो. तरी माझ्यापुढं उभा राहून त्यानं 'आदर्श गाव' अशी बातमी केली. निघताना म्हणाला, "चांगली बातमी लोक लय बघतात. उगं खोट काढून काय भेटायलंय?" त्याचंही कुणाशी वैर नव्हतं. फक्त त्यानं मान जराशी वळवली नाही.

सत्कार आटोपल्यावर माझी गरज संपली. पंचायतीच्या मागच्या खिडकीखाली पाण्याची मोटार होती, तिच्यावर मला आडवं टाकलं. पाऊस, ऊन, कबुतरं. रंग उडाला, कडा गंजल्या. मित्रांनो, ज्याच्यापुढं सारं गाव केस विंचरून उभं राहिलं, त्याच्यावर कुत्रं झोपायला लागलं की कसं वाटतं, ते मला विचारा. आणि बाकीची दारं? कशाची दारं! फोटो गेले होते, खुणा लागल्या होत्या. आता दारं आणा म्हणणारं वरून कुणीच उरलं नव्हतं. लोकांनी संडासात तुराट्या भरल्या, कोंबड्या कोंडल्या.

केवळाबाईनं जुनं लुगडं बांधून पडदा केला होता. पण वारं सुटलं की पडदा वर, आणि समोर येष्टीचा रस्ता. फोटोत तो रस्ता कधी आलाच नाही, कारण फोटो काढणारा रस्त्यावरच उभा असतो. शेवटी ती पुन्हा रानात जायला लागली. कपाशी उभी असेपर्यंत आडोसा असतो. कपाशी उपटली की लांब ओढ्यापर्यंत जावं लागतं. तिथल्या चिखलात एकदा तिचा पाय सटकला आणि मांडीचं हाड मोडलं. परभणीला नेऊन सळई घातली. वॉकर घेऊन ती घरी आली. आता रान बंद, ओढा बंद, संडासाला दार नाही. म्हणून तिनं एकच उपाय केला. पाणी पिणंच सोडलं.

हे सगळं मला येडबाच्या तोंडून कळलं. तो एकदा मेंढरं भाच्याकडं सोपवून पंचायतीत आला. मी खिडकीखालीच होतो, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"बाई, आमच्या दाराचं काय झालं?"

सुकेशनीनं नाव टाकून बघितलं आणि सवयीनं बोलून गेली, "काका, तुमचं तर झालेलं दिसायलंय. दार बसलेलं हाय. फोटो बी हाय."

येडबानं वाकून कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघितलं. मग म्हणाला, "फोटोत हाय. घरी न्हाई." आणि त्यानं सांगितलं. तिला ताप येतो, लघवीला आग होते, डॉक्टर पाणी प्या म्हणून ओरडतात. ती समोर मान डोलावते आणि तांब्या तसाच ठेवते. "मरंल ती अशानं," तो म्हणाला.

सुकेशनी त्याच दुपारी केवळाबाईकडं गेली. तिथं काय झालं ते केवळाबाई आजही आल्यागेल्याला सांगते. पोरगी बाजेपाशी जाऊन बसली. केवळाबाईच आधी म्हणाली, "माय, तुझ्यावर राग न्हाई माझा. तू म्हनलीस हसा, मी हसले." बास, एवढंच. रागावली असती तर सुकेशनीला सोपं गेलं असतं. ते ऐकून ती रडत घरी गेली.

पुढच्याच ग्रामसभेत, माणसं उठायच्या बेतात असताना, ती उभी राहिली. दारांचे सगळे फोटो आपण काढले आहेत, दार एकच होतं, आणि तसं आपण आपल्या नावानं वर कळवलं आहे, असं तिनं सांगितलं. सभेत एकच गलका झाला. माणिकराव आधी चिडले, मग समजुतीच्या सुरात आले. "पोरी, तू नुसता फोटो काढला. तुझ्या अंगावर कशाला ओढून घ्यायलीस? नोकरी जाईल, ध्यानात हाय का?"

"जाईल बी," ती म्हणाली. "पर काका, तुमी म्हनता मी नुसता फोटो काढला. बबलूदादा म्हनतो त्यानं नुसती बातमी केली. तालुक्याचे साहेब म्हनतील, आमी नुसता फोटो बघितला. मग केवळाकाकूचं दार नेलं कुणी?"

एवढं बोलून सुकेशनी सभेतून बाहेर पडली.

ती पंचायतीच्या मागं आली, कुत्र्याला हाकललं आणि मला उचलायला लागली. एकटीला कुठला उचलतोय मी! येडबा धावला. दोघांनी मला धरलं आणि भर दुपारी त्याच रस्त्यानं निघाले, ज्या रस्त्यानं मी कधीकाळी मिरवत गेलो होतो. बायका उंबऱ्यात आल्या, काही मागून चालायला लागल्या. बबलूही फोन उंचावत आला. बातमीचा वास त्याला लगेच येतो. केवळाबाई वॉकरवर उभी होती. ती म्हणाली, "बातमी मागून कर, आधी दार धर." गुपचूप धरलं त्यानं. येडबानं पक्के बोल्ट मारले. या वेळी तार नव्हती. बबलूचे दोन्ही हात माझ्यात गुंतले, त्यामुळं त्याची बातमी राहून गेली.

केवळाबाईनं माझ्यावरचा छापा बघितला. फिका पडला होता, पण वाकडी करंगळी ओळखू येत होती. तिनं आपला हात त्यावर ठेवला. "हाच की गं माझा," ती म्हणाली. मग ती आत गेली आणि तिनं मला ओढून घेतलं.

आणि मित्रांनो, तेव्हा मला कळलं की इतके फोटो निघाले, पण माझी आतली कडी कधी कुणी लावलीच नव्हती. गंजली होती ती. केवळाबाईनं जोर केला, कडी करकरली आणि लागली. रंगनाथ मिस्त्री का पुटपुटत होता ते मला तेव्हा उमगलं. थोड्या वेळानं ती बाहेर आली, ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "सुकेशनी, पाणी दे गं." तांब्याभर पाणी ती एका दमात प्याली. सुकेशनी बघत राहिली आणि डोळे पुसत राहिली.

त्यानंतर काही दारं आली, काही अजून यायची आहेत. माणिकराव रस्त्यात भेटले की सुकेशनी नमस्कार करते, ते दुसरीकडं बघतात. तिला वरून नोटीस आली आहे. नोकरी राहील की जाईल, मला ठाऊक नाही, आणि त्याचा मला घोर लागून राहतो. बबलूची जुनी बातमी अजून मोबाइलवर दिसते म्हणे, लोक बघतात आणि अंगठा दाखवतात.

मी आता म्हातारा झालोय. खालून पत्रा सडत चाललाय. पण मला कुणी काढून नेत नाही, याचं सुख मोठं आहे. मित्रांनो, तुमच्या हातात फोन आला आहे, उद्या सरकारी कामंही येतील. 'मी तर नुसतं एवढंच केलं' असं म्हणायची वेळ तुमच्यावरही येईल. तेव्हा माझी एवढी एक विनंती आठवा. दाराचा फोटो काढायचा असेल तर जरूर काढा. पण त्याआधी एकदा आत जा आणि कडी लावून बघा.