सोनगीरला ओतलेलं तोंड

धुळ्याहून फोन आला तेव्हा योगराज एका जुन्या वजनाच्या मशीनचा काटा रॉकेलनं पुसत बसला होता. आवाज बाईचा होता, ओळखीचा नव्हता.

"योगराजकाका ना? मी दिपमाला. भूपेंद्र चौधरींची सून. बाबा गेले, दसऱ्यानंतर."

आता मार्गशीर्ष लागला होता. दोन महिने होत आले होते आणि त्याला कुणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी कोण? त्या दोघांना सारखं ओळखणारा तिसरा माणूसच नव्हता.

"इंदूरचा एक हॉटेलवाला बाबांची मशीनं न्यायला तयार आहे," ती म्हणाली. "पण कोणतं काय आहे आणि कोणतं खरं आहे, हे त्याला लिहून पाहिजे. बाबांच्या वहीत या कामासाठी तुमचंच नाव आहे."

योगराज त्रेसष्ट वर्षांचा होता. जळगावात त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, ते सहा वर्षांपूर्वी बंद झालं. लग्न राहूनच गेलं होतं. घरात नाणं टाकून चालणारी जुनी मशीनं होती. वजनाची होती, गोळ्या-चॉकलेटची होती, आणि दोन साहेबी जुगाराची होती. दांडा ओढला की आतली तीन चाकं फिरतात, चेरी, लिंबू, घंटा अशी चित्रं समोर येऊन थांबतात, तसली. शेजारी त्याला भंगार म्हणत. अख्ख्या खानदेशात त्यांना भंगार न म्हणणारा एकच माणूस होता, धुळ्याच्या देवपुरातला भूपेंद्र. पाचोऱ्याला एकाच वजनाच्या मशीनसाठी दोघं एका भंगारवाल्याच्या दारात भेटले होते. मशीन भूपेंद्रनं नेलं, पण चहा योगराजला पाजला. पुढे चौदा वर्षं दर रविवारी फोन. बोलणं काय, तर कुठल्या स्प्रिंगला किती वेढे, कुठल्या कारखान्याचा नंबर कुठे ठोकलेला असतो.

मग आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, ते जेवण झालं.

भूपेंद्रनं खास बोलावलं होतं. महूच्या छावणीतल्या क्लबातून निघालेलं एक मशीन त्याला मिळालं होतं. घरात पाहुणे भरलेले, आमरसाची पातेली निघालेली. भूपेंद्रनं बैठकीत सगळ्यांदेखत मशीनवरची चादर ओढली आणि म्हणाला, "सांगा योगराजभाऊ, काय आहे?"

योगराजनं नुसतं पाहिलं. मशीनचं तोंड, म्हणजे ॲल्युमिनियमचा पुढचा ओतीव भाग, त्याच्या कडा बोथट होत्या. वेलबुट्टीतली पानं साबण वापरून झिजावा तशी गुळगुळीत होती. जुन्या तोंडावरून साचा काढून नवं ओतलं की असं होतं.

"नकली आहे," तो म्हणाला. "भंगारवाल्यानं तुम्हाला बनवलं, भूपेंद्रभाऊ. कुणाला दाखवू नका, लोक हसतील."

लोक तिथल्या तिथेच हसले. भूपेंद्रच्या मेव्हण्यानं तर टाळी दिली. भूपेंद्र काहीतरी बोलायला गेला, पण बोलला नाही. त्यानं चादर परत टाकली आणि म्हणाला, "चला, पानं वाढलीत."

पुढच्या रविवारी फोन आला नाही. योगराजला वाटलं, खरं बोललो त्यात माझं काय चुकलं? आधी त्यानं करावा. असं करता करता अकरा वर्षं झाली.

*

देवपुरातल्या घरात दिपमालानं वरच्या खोलीचं कुलूप काढून दिलं. भूपेंद्रची बायको, कोकिळावहिनी, खाली देवघरापाशी बसल्या होत्या. त्यांनी योगराजकडे पाहून नुसती मान हलवली.

खोलीत सात मशीनं होती, सगळी पुसलेली, तेल दिलेली. योगराज एकेक पाहून कागदावर लिहीत गेला. हात चालत होता, पण मन लागत नव्हतं. प्रत्येक मशीनपाशी त्याला काहीतरी बोलावंसं वाटे. इथे या पट्टीवर चाकांची चित्रं हातानं रंगवलीत, बघा. ही किल्ली मूळची नाही. बोलायचं कुणाशी? दिपमाला दारात मोबाईल घेऊन उभी होती आणि दर थोड्या वेळानं विचारत होती, "हे ओरिजिनल ना?"

कोपऱ्यात चादरीखालचं ते आखाजीचं मशीन शेवटी राहिलं. 'तोंड नकली' असं लिहायला त्यानं पेन टेकवलं. तेवढ्यात दिपमालानं चादर बाजूला करून मशीनमध्ये एक नाणं टाकलं आणि सहज दांडा ओढला.

चाकं फिरली. आतून आवाज आला. योगराजचं पेन थांबलं. चाळीस वर्षं ज्यानं घड्याळं कानाला लावली, त्याला तो आवाज ओळखायला वेळ लागला नाही. चाकं एकामागून एक थांबावीत म्हणून आत घड्याळासारखा एक भाग असतो, छोट्या पंख्याचा. त्याची टिकटिक स्वच्छ होती, एका लयीत होती. नकली मशीनमधून असा आवाज येत नाही.

त्या दिवशी त्यानं दांडा ओढलाच नव्हता.

त्यानं मागची फळी काढली. बॅटरीच्या उजेडात आतल्या पोलादी बैठकीवर ठोकलेला नंबर दिसला. लाकडी पेटीच्या तळालाही नंबर होता. दोन्ही एकच. मशीन नव्वद वर्षांचं तरी असावं, आणि तोंड सोडलं तर खिळ्यापर्यंत अस्सल होतं. पंख्याचं एक पातं मोडलं होतं, ते कुणीतरी बारीक पितळी पत्रा कापून, डाग दिसणार नाही असं जोडलं होतं. ते काम भूपेंद्रचं होतं. असं पातं कसं जोडायचं हे योगराजनंच त्याला फोनवर शिकवलं होतं.

त्यानं फळी परत बसवली. एवढ्या अस्सल मशीनला भंगारवाला नवं तोंड कशाला ओतून घेईल?

"ओरिजिनल आहे का काका?" दिपमालानं विचारलं.

"उद्या सांगतो," तो म्हणाला. "हे तोंड कुठे ओतलं, काही माहीत आहे?"

"बाबा ओतकामाला सोनगीरलाच जायचे."

*

सोनगीरला किल्ल्याखालच्या गल्लीत तांब्यापितळेचं काम चालतं. सुकदेव नाना म्हणून एक म्हातारे ओतारी होते. डोळ्यांनी अधू झाले होते, पण मोबाईलमधला फोटो डोळ्याजवळ नेऊन त्यांनी लगेच ओळखला.

"भूपेंद्रभाऊनं काम शे हाई," ते म्हणाले. "फुटेल तुकडा पोत्यामा भरीसन लई उनता. ट्रकमा फुटनं व्हतं."

"फुटके तुकडे घेऊन आले, मग जोडायला नाही सांगितलं?"

"जोडता ये. पन त्यानी सांगं, नवं वत." नाना हसले. "म्हने, जळगावले मना एक दोस्त शे, त्याले वळखता येवाले नको असं बनाव. तीन डाव वतं मी. दर डाव तो म्हने, नही नाना, तो वळखी लेई."

योगराजनं त्यांच्या हातातून मोबाईल परत घेतला.

"तो दोस्त तुमीच का?" नानांनी विचारलं.

"हो."

"मंग? वळखं का?"

"ओळखलं," योगराज म्हणाला. "बघितल्या बघितल्या."

"मंग काय म्हने भूपेंद्रभाऊ? हासना व्हई तो."

"ते फुटलेले तुकडे कुठे आहेत?" योगराजनं विचारलं. नानांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. उठून त्यांनी माळ्यावरून एक पोतं ओढून काढलं. मूळ तोंडाचे चार तुकडे होते. भूपेंद्र सांगून गेला होता की राहू द्या, दोस्ताला फसवायची पैज संपली की येऊन नेतो. तो आलाच नाही.

*

पोतं घेऊन योगराज पुन्हा देवपुरात आला. दुपारची जेवणं उरकली होती. भूपेंद्रचा मुलगाही घरी होता. योगराजनं वहिनींना वरच्या खोलीत यायची विनंती केली आणि सगळ्यांसमोर ते तुकडे मशीनच्या पुढ्यात मांडले.

"वहिनी, त्या आखाजीला मी याच घरात बोललो की हे मशीन नकली आहे. ते चूक होतं. मशीन अस्सल आहे. तोंड तेवढं नवं आहे आणि ते भूपेंद्रभाऊंनी मुद्दाम करून घेतलं होतं, मला ओळखता येतं का ते बघायला. त्यांना कुणी फसवलं नव्हतं. मी न उघडता बोललो."

मुलगा अवघडून उभा राहिला. घरात कित्येक वर्षं 'बाबांचं नकली' असाच त्या मशीनचा उल्लेख होत असे, हे दिपमालानं हळू आवाजात सांगितलं.

वहिनींनी तुकड्यांवरून हात फिरवला. "आखाजीच्या आधी दोन दिवस ते लहान पोरासारखे वागत होते," त्या म्हणाल्या. "दर घडीला गॅलरीत. मी विचारलं, काय आहे? तर म्हणे, योगराज येऊ दे, मग सांगतो." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तुम्ही फोन करायला पाहिजे होता."

"हो."

"त्यांनीही करायला पाहिजे होता. दोन-तीनदा हातात घेऊन ठेवून दिलेला मी पाहिलाय."

योगराजनं कागद लिहून दिला. सात मशीनं, प्रत्येकाचं नाव, साल, काय मूळचं, काय बदललेलं. सातव्यापुढे त्यानं लिहिलं, 'यंत्र व पेटी मूळ. तोंड सोनगीर येथे ओतलेले. दुरुस्ती भूपेंद्र चौधरी, उत्तम.' वहिनी म्हणाल्या, सहा जाऊ देत, हे घरातच राहील. मुलानं मान डोलावली. निघताना वहिनींनी तुकडे भरलेलं पोतं योगराजच्या हातात दिलं. "हे तुम्ही न्या. आम्हाला यातलं काय कळतं?"

*

पारोळ्याला बसमध्ये एक शेतकरी शेजारी येऊन बसला. मांडीवरच्या पोत्यातून ॲल्युमिनियमचा तुकडा डोकावत होता. "काय शे हो पोत्यामा?" त्यानं विचारलं.

एरवी योगराज 'भंगार' म्हणून मोकळा झाला असता. आज त्यानं तुकडा बाहेर काढला आणि सांगायला लागला. हे तोंड कसं ओतायचे, पानांच्या कडा बघा कशा धारदार आहेत, नव्यात अशा येत नाहीत. धुळ्याला माझा एक दोस्त होता, त्यानं मला फसवायला असं दुसरं बनवून घेतलं. तीनदा ओतलं. माणूस खरंच ऐकत होता. खिडकीतून ऊन आत येत होतं, तुकडा हातात फिरवून बघत त्यानं विचारलं, "मंग तुमी फसनात का?"

तेवढ्यात एरंडोल आलं. कंडक्टरनं घाई केली, माणसानं तुकडा योगराजच्या हातात ठेवला, पिशवी उचलली आणि तो उतरला. त्याची जागा रिकामीच राहिली. बस सुटली. योगराजनं तुकडा पोत्यात घालून पोत्याचं तोंड बांधलं, आणि जळगाव येईपर्यंत पोतं दोन्ही हातांनी धरून बसला.