झाकून ठेवलेला वाटा

"एकूण एक खिडकी उघडायची?" उल्कानं विचारलं.

"एकूण एक," मेट्रन म्हणाल्या. "सगळ्यांना डबल ब्लँकेट घाल. चहाच्या आधी फादर कॉनवे येतायत."

फेब्रुवारीतल्या त्या गारठ्यात म्हाताऱ्या माणसांना उघड्या खिडकीशी बसवायचं म्हणजे आजाराला आवतण देण्यासारखंच होतं. पण कोविडचं दुसरं वर्ष लागलं होतं, आणि नास गावाबाहेरच्या त्या नर्सिंग होममधून जानेवारीपासून एकामागून एक माणसं गेली होती. उरलेल्यांना जाण्याआधी पापांची क्षमा हवी होती. एरवी फादर एकेकाला जवळ बसवून त्याची कबुली ऐकत आणि मग क्षमेचे शब्द उच्चारत. आता त्यांना आत यायला बंदी होती, म्हणून पार्किंगमध्ये उभं राहून, गणेशोत्सव मंडळाकडून उसना आणल्यासारख्या दिसणाऱ्या भोंग्यातून ते सगळ्यांना एकदम क्षमा देणार होते. ज्यानं त्यानं आपलं पाप मनातल्या मनात आठवायचं, मनापासून पस्तावायचं, की झालं. उल्काला ही सोय फार आवडली. आपल्याकडे केलेलं भोगूनच संपवायचं असतं, तिथं सवलत नाही.

शेवटच्या खोलीत फिंटन डीगन होते. सकाळी औषध द्यायला गेली तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं होतं. शेतकऱ्याचा हात, आजारातही पकड सुटली नव्हती.

"पोरी, फादर आले की मला उठव. काही झालं तरी. शब्द दे."

"दिला. एवढी काय घाई, मिस्टर डीगन?"

"घाई नाही. उशीर झालाय."

दुपारी ती त्यांना उठवायला गेली, तर ते गाढ झोपले होते. दोन रात्री श्वासासाठी धडपडणारा माणूस पहिल्यांदा शांत पडला होता. कपाळावरची आठी गेली होती. उल्का पलंगाशी उभी राहिली. तिचा हात त्यांच्या खांद्यापर्यंत गेला आणि मागे आला. नागपूरला घरी सत्यनारायण असला की आजारी आजोबांना कुणी उठवत नसे. आई त्यांच्या वाट्याचं तीर्थ आणि प्रसाद वाटीत झाकून ठेवायची, जाग आल्यावर द्यायची. पुण्य काही कमी पडत नसे. झोपलेल्या माणसाला उठवू नये, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं.

तिनं दार हळूच लोटून घेतलं. बाहेर भोंग्यातून फादरांचा घोगरा आवाज आला, वाऱ्यानं निम्मा उडवून नेला. खिडक्यांशी बसलेल्या माणसांनी माना खाली घातल्या. कुणीतरी हुंदका दिला. सगळं उरकल्यावर उल्का धावत बाहेर गेली आणि औषधाच्या प्लॅस्टिकच्या कपात फादरांकडून थोडं पवित्र पाणी मागून आणलं. वर टिश्यूही झाकला.

डीगन संध्याकाळी जागे झाले. "आले का फादर?"

"येऊन गेले. तुम्हाला छान झोप लागली होती. पण तुमच्या वाट्याचं मी ठेवलंय ना." तिनं कप पुढे केला, अगदी कौतुकानं.

त्यांनी कपाकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते विझले.

"ते असं ठेवता येत नाही, पोरी," ते म्हणाले. "माझं मला म्हणायचं होतं. आणि त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं."

तिनं तिथूनच फादरांना फोन लावला. ते दुसऱ्या गावी पोचले होते. सकाळी उजाडल्या उजाडल्या खिडकीशी येतो म्हणाले.

"सकाळी येतायत," तिनं सांगितलं.

डीगन छताकडे बघत राहिले. मग थांबत थांबत, श्वास गोळा करत बोलू लागले.

"माझी धाकटी बहीण होती, उना. लग्नाआधी दिवस गेले. वडील म्हणाले, नेऊन सोड तिला. तसल्या पोरींसाठी नन घर चालवायच्या, तिथं. मीच सोडली, वडिलांच्या मोटारीतून. फाटकाशी म्हणाली, फिंटन, नाताळला न्यायला येशील ना? येतो म्हणालो."

"मग?"

"गेलो नाही. कुठल्याच नाताळला नाही. तिथंच वारली ती."

"इतकी वर्षं तुम्ही फादरांना सांगितलं नाहीत?"

"दारू सांगितली, शिव्या सांगितल्या, सगळं सांगितलं. हे नाही. त्या काळी पाप तिचं होतं ना, माझं कुठं होतं? जानेवारीत त्या घरांवरचा सरकारचा अहवाल आला, टीव्हीवर त्या बायका बोलत होत्या, तेव्हा कळलं कुणाचं होतं ते." त्यांनी तिच्याकडे मान वळवली. "तू बाई माणूस आहेस. तिच्या जागी तू म्हण. माफ केलं म्हण."

दोनच शब्द होते. उल्काच्या ओठांवर आलेसुद्धा. पण डोळ्यांसमोर ती फाटकाशी उभी राहिलेली पोर आली आणि तिला वाटलं, हे आपलं नाही, हे देणाऱ्या आपण कोण?

"मला नाही देता येणार, मिस्टर डीगन," ती म्हणाली. "ते उनाचं आहे. उद्या फादर येतील ना. आता झोपा."

ड्यूटी संपली होती. घरी नवरा, गुरुनाथ, लॅपटॉप मिटून तिची वाटच बघत होता. तिनं सगळं सांगितलं.

"अगं, आजारी माणसाला झोपू दिलंस, त्यात काय चुकलं?" तो म्हणाला. "इतकं मनाला लावून नको घेऊ यार. जेवून घे."

सकाळी ती पोचली तेव्हा डीगन गेले होते. उजाडायच्या आत. फादर कॉनवे मात्र शब्दाला जागून खिडकीबाहेर उभे होते, गळ्यात कबुलीच्या वेळची जांभळी पट्टी, हातात छत्री. बैल गेला आणि झोपा केला, तसं झालं.

"त्यांना हवी होती ना क्षमा?" फादर म्हणाले. "मग झालं. देव इतका कंजूष नाही. झोपेतल्या माणसालाही ती पोचते."

"हे त्यांना माहीत नव्हतं, फादर. क्षमा मिळालीच नाही असं समजून ते गेले. माझ्यामुळे." उल्काचा मास्क ओला झाला होता. "मी शब्द मोडला. मला क्षमा करा. तुमचे ते शब्द म्हणा ना माझ्यासाठी."

म्हातारा गोंधळला. "तुझा बाप्तिस्मा झालाय का?"

"नाही."

"मग ते शब्द मला नाही म्हणता येणार, बाळ. मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन. आणि तू काही केलं नाहीस गं. तू ग्रँड आहेस, अगदी ठीक आहेस."

तू काही केलं नाहीस. गुरुनाथ हेच म्हणाला होता, मेट्रनही हेच म्हणणार होत्या. सगळे तिला निर्दोष सोडायला तयार होते, माफ करायला कुणीच नव्हतं. काल डीगननी आपल्याकडे काय मागितलं होतं, ते उल्काला आत्ता कळलं.

दुपारी शववाहिनी आली. तिथल्या रिवाजाप्रमाणे गाडी फाटकापर्यंत सावकाश चालते आणि घरची माणसं मागून पायी जातात. गाडीवाल्यानं काच खाली केली.

"फॅमिली?"

"कुणी नाही," मेट्रन म्हणाल्या.

"मी येते," उल्का म्हणाली.

एप्रनवर कोट चढवून ती गाडीच्या मागे चालू लागली. भुरभुर पाऊस होता. फाटकाशी गाडी जरा थांबली, रीत म्हणून. मग इंडिकेटर लावून मोटरवेच्या दिशेनं वळली.

"माफ केलं," उल्का म्हणाली. उनाच्या वतीनं, मराठीत, मास्कच्या आत.

तोवर गाडीनं वेग घेतला होता.