राखलेली विहीर

हैदराबादेत उर्दूतून बी.एस्सी. झालो आणि लगेच पाणीपुरवठ्याच्या सरकारी कामावर लागलो. गावोगावच्या विहिरी तपासायच्या आणि नवी विहीर कुणाला द्यावी ते कळवायचं, हे माझं काम. आधी उभं, म्हणजे साठलेलं पाणी मोजायचं. मग दोन तास मोट चालवून ते खाली न्यायचं आणि परत किती वेगानं चढतं ते पाहायचं. विहिरीत पाणी किती आहे यापेक्षा झरा किती देतो, याला महत्त्व. चाचणी झाली नाही, तर उभं पाणीच खरं धरावं असा नियम होता.

दौऱ्यातलं शेवटचं गाव मुखेडच्या अलीकडे होतं. शिमगा जवळ आला होता. वाटेतल्या सगळ्या विहिरींचे तळ दिसले होते, म्हणून इथं दोरी सोडली तेव्हा गाठी मोजण्यात चूक झाली असं वाटलं. पुन्हा सोडली. नऊ हात पाणी. पण पाण्याखालच्या दगडांना शेवाळ नव्हतं आणि काठ कोरडा ठणठणीत होता. भर सकाळी एकही बाई विहिरीवर नव्हती.

मी शेषेरावांना मोट जुंपायला सांगितलं. मोट आणि बैलं त्यांचीच होती, आणि नव्या विहिरीचा अर्जही त्यांनीच दिला होता. ते जागचे हलले नाहीत. त्यांनी मला बाजूला नेलं आणि सांगितलं की चाकूरकडचे पाहुणे येणार आहेत. त्यांच्या मुलासाठी, व्यंकटसाठी, मुलीचा बाप घरदार पाहायला येतोय. कोरड्या गावात कुणी लेक देत नाही, म्हणून दोन दिवस गावानं विहीर राखली होती. कुणी घागर बुडवली नव्हती. ओढ्यातलं गढूळ पाणी गाळून सगळे पीत होते.

“अंघोळीबी बंद हायत,” विहिरीजवळच्या पारावरचा एकजण म्हणाला. “पाहुणा वासावरच परत जायाचा.”

हसले सगळे, पण बैलं जुंपायला कुणी उठलं नाही. मी समजावून पाहिलं. दोन तास मोट चालली तर तळाचा चिखल वर येईल, हे मलाही दिसत होतं. पण चाचणीशिवाय माझ्या अहवालात भरलेली विहीर जाईल, आणि भरलेल्या विहिरीच्या गावाला दुसरी मिळणार नाही. मला संध्याकाळी निघणं भाग होतं. पुढचा दौरा कधी होईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेषेराव खाली मान घालून ऐकत होते. बाकीच्यांच्या घरातही लग्नाची पोरं होती. हे स्थळ मोडलं तर बातमी चाकूरपर्यंतच्या सगळ्या गावांत जाणार होती आणि मग कुणाकडेच स्थळ येणार नव्हतं.

शेषेरावांची बायको गुणाबाई मागं उभी होती, ती पदर सावरत दोन पावलं पुढं आली.

“काढू द्या त्यांला पाणी. उद्या सून आली तर तिला काय पाजावं?”

“आधी येऊ तर दे,” शेषेराव म्हणाले.

ती पुन्हा मागं सरली.

दुपारी पाहुणे आले. मुलीचा बाप बसवंत काठावरून वाकून बराच वेळ पाणी पाहत उभा राहिला. मग घरी जेवणं झाली, सुपारी फुटली, माझ्याही हातावर साखर आली. शेषेराव इतके आनंदात होते की मोटेचं नाव मी पुन्हा काढलं नाही. काढलं असतं तरी कुणी जुंपली नसती.

निघताना फाट्यापर्यंत बसवंतची आणि माझी वाट एकच होती. तो आपली गाडी सोबतच्या माणसाच्या हाती देऊन माझ्या गाडीत येऊन बसला.

“विहीर राखलेली हाय साहेब,” तो म्हणाला. “घागरी घेऊन बाया गोठ्याआड बसल्या हुत्या. आमी कवा जातो त्याची वाट बघून राहिल्या हुत्या.”

मी गाडीवानाला थांबायला सांगितलं. हे बसवंतला कळलंय आणि तरी सोयरीक कायम आहे, एवढं त्यानं स्वतः शेषेरावांना सांगितलं, तर मोट आत्ताही जुंपता येईल. अंधार पडायला वेळ होता. मी त्याला तसं म्हणालो.

त्यानं मागं वळून गावाकडं पाहिलं.

“न्हाई जमायचं. भर गावात त्यांला खोटं पाडू का? सुपारी फुटली. आता ती माज्या लेकीच्या घरची अब्रू हाय.”

मी विचारलं, मग पोर दिलीच कशाला?

“आमच्या गावच्या पोरी ओढ्याच्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरून राहिल्यात. हितं राखली तर दोन दिसांत भरती तरी.”

त्याच्या गावची विहीर कुणी तपासली नाही का, हे मी विचारलं. मागल्या साली दुसरे साहेब येऊन गेले होते, तो म्हणाला. तेव्हा त्याच्या गावानंही विहीर राखली होती.

“तुमच्याकडे कुणाचं स्थळ आलं होतं?”

“स्थळ कुठलं! साहेबच येणार हुते. सरकारचा माणूस दारात येतो, त्याला चिखल दाखवावा का? भरलेली बघून लई खूश झाले.”

गाडी पुन्हा चालू झाली. अहवालात काय लिहायचं ते मी मनाशी जुळवत होतो. चाचणी झाली नाही, उभं पाणी नऊ हात. माझी शंका लिहिता आली असती आणि मी ती लिहिलीही, पण शंकेवर कुणी विहीर खणत नाही.

फाट्यावर बसवंत उतरला.

“पोर अंगानं दणकट हाय माजी,” तो म्हणाला. “दोन घागरी डोक्यावर, एक कमरेवर. कोसभर बी आणती.”

मग तो त्याच्या गाडीत चढला आणि गाडी चाकूरकडे वळली.