रुळलेली कडी

नोकरीला लागली तेव्हा तिची उत्तरं लांबलचक असायची. पाळणे बनवणाऱ्या कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायची हे तिचं काम, आणि प्रत्येक तक्रारीमागे कुणीतरी आई. मग ही बाळाचं नाव विचारायची, दात येताहेत का विचारायची, आपल्या लेकीचंही थोडं सांगायची आणि शेवटी कधीतरी मुद्द्यावर यायची. तिच्या वरच्या बाई, ज्यांना सगळं ऑफिस पाठीमागे कात्रीबाई म्हणायचं, तिचं उत्तर कागदावर छापून आणायच्या आणि तिच्यासमोर ठेवायच्या. "छान आहे. आता यातलं तुझं मन काढ आणि परत दे."

ती शिकली. एका वाक्यात एकच गोष्ट. 'बहुधा', 'शक्यतो', 'चौकशी करून कळवते' हे सगळं सुरुवातीला कात्रीबाई छाटायच्या, नंतर तिचा हातच तिकडे वळेना. वाचणारीला हायसं वाटलं पाहिजे आणि तिला पुन्हा लिहावंसं वाटता कामा नये, चांगल्या उत्तराची खूण तीच, असं बाई सांगायच्या.

नव्या पाळण्याच्या तक्रारी यायला लागल्या त्या याच दिवसांत. झोका दिला की पाळणा अडकवायची कडी टकटक वाजते. तिने डिझाइनवाल्यांना विचारलं, तिकडून काही आलं नाही. आवाज तिच्याही ओळखीचा होता, कारण तोच पाळणा तिच्या घरी होता, कंपनीच्या सवलतीत घेतलेला. लेक त्या टकटकीवरच झोपायची, मूठ गालाखाली घेऊन. एकदा तिने सासूबाईंना विचारलं, हे बरोबर वाटतंय का तुम्हाला. त्या भाजी निवडताना हसल्या. "नवं आहे गं ते. तू नव्हतीस का आल्या आल्या कुरकुरत? रुळलीस ना? तसंच."

दुसऱ्या दिवशी तिने उत्तर लिहिलं. नवी कडी सुरुवातीला आवाज करते, मग रुळते.

कात्रीबाईंनी ते वाचलं आणि पहिल्यांदाच पेनाचं टोपण काढलं नाही. "रुळते," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "या शब्दाला पगारवाढ द्यायला हवी."

ते उत्तर सगळ्यांना गेलं. तक्रारी आटल्या, आणि त्यांच्या जागी आभार यायला लागले. तुमचं वाचून जीव भांड्यात पडला. तुम्ही म्हणालात तसंच झालं, आवाज थांबला, रुळली कडी. ही पत्रं ती वेगळी ठेवायची. लेकीने रात्र जागवली की सकाळी कामाला हात घालण्याआधी त्यातलं एखादं वाचायची.

मग एके दुपारी पाणी भरायला गेली, तर डिझाइनमधला मिलीमीटर तिथे उभा होता. सगळं मोजून बोलायचा म्हणून हे नाव. कडी बदलायचा प्रस्ताव होता, तो मागे टाकला, असं त्याने सांगितलं. तक्रारीच नाहीत तर साहेब पैसे कशाला देतील. ती म्हणाली, बरोबरच आहे, रुळल्या ना आता कड्या.

त्याने तिच्याकडे पाहिलं. रुळल्या म्हणजे काय, असं विचारलं. कडीच्या तोंडाशी एक बारीक उंचवटा असतो, तो समजावत राहिला. झोका आला की पाळण्याचा आकडा त्यावर आपटतो, म्हणून टक होतं. तो उंचवटाच कडीला निसटू देत नाही.

"वाजतेय तोवर धरून आहे. वाजायची थांबली की झिजली," तो म्हणाला. "अजून कुणाची थांबली नसावी. तसं कुणी कळवलंय का?"

तिची बाटली भरून पाणी हातावरून वाहत होतं.

जागेवर येऊन तिने आधी घरी फोन लावला. पाळण्याचा आवाज येतोय का, विचारलं. सासूबाई कुजबुजल्या, कधीचा बंद झालाय, छान झोपलीय, ठेव फोन.

"आई, तिला उचला."

"अगं, आत्ताच डोळा लागलाय. उठली तर तू येणार आहेस का जोजवायला?"

"आधी उचला. मग काय बोलायचं ते बोला मला."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. चपला घासत गेल्या. मग काहीच नाही, बराच वेळ काहीच नाही. आणि मग लेक रडली, झोपमोड झालेल्या माणसाच्या हक्काने, अगदी छातीच्या तळापासून. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग तिने आभाराची पत्रं उघडली आणि त्या सगळ्याजणींना लिहायला घेतलं.

बाळाला आत्ता पाळण्यातून उचला. कडी वाजायची थांबली म्हणजे ती झिजली आहे. पाळणा वापरू नका.

कात्रीबाई खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्याचं तिला कळलं नव्हतं. हे असं जाणार नाही, त्या म्हणाल्या. घबराट होईल. काळजीचं कारण नाही असं आधी घाल, आणि वरून मंजुरी येईपर्यंत थांब. तिने मागे न बघता बटण दाबलं. कात्रीबाई वळल्या. केबिनमध्ये गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

पहिलं उत्तर लगेच आलं.

"ताई, तुमच्या नावाने कुणीतरी खोडसाळपणा करतंय. असं घाबरवणारं तुम्ही कधी लिहीत नाही, म्हणून लगेच ओळखलं. तुम्हाला माहीत असावं म्हणून कळवते. आमचं पिल्लू मजेत आहे." खाली फोटो होता. पाळण्यात झोपलेलं बाळ, एक पाय दुपट्याबाहेर.

तिने फोन नंबर शोधला. नोंदीत नंबर नव्हता, पत्ता होता, शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा. ती पर्स उचलून जिन्याकडे धावली, तेव्हा मागे तिच्या कॉम्प्युटरवर बाकीच्या आयांची उत्तरं एकामागून एक येऊन पडत होती.