पिवळ्यावर राखाडी

“हा कसला रंग काढलायस सकाळी सकाळी?” जिनेतनं विचारलं.

आन्सेल्म डबा ढवळत राहिला. धोबीघाटाच्या दगडी भिंतीवर त्यानं काल बोटभर राखाडी लावून पाहिला होता. वाळल्यावर तो निळसर दिसायला लागला, म्हणून आज त्यात जरासा पिवळा घालणं चाललं होतं.

“दगडाचा,” तो म्हणाला. “खाली काही होतं, हे दिसता कामा नये.”

“पुसायचंच आहे ना? मग फास की कुठलाही. नाहीतर राहू दे. पदभ्रमण संघातली पोरं येऊन करतील.”

“ती करतील, पण भिंतीला गिलावा केल्यासारखं.”

“म्हातारा झालास तरी नखरे जात नाहीत तुझे,” जिनेत म्हणाली, पण तिला हसू आलं नाही. ती गावची सरपंच. शाळेत दोघं एका बाकावर बसलेली. “मी भांडले रे त्यांच्याशी. पण सरकारी नकाशात वाटच नाही. काय दाखवू मी कंपनीला?”

“मी काही म्हटलं का तुला?”

“म्हणत नाहीस, तेच लागतं मला.”

वाट सरकारी नकाशात नव्हती ती नव्हतीच. टेकडीवरचा सगळा द्राक्षमळा फेर्नांचा. ‘जाऊ दे की लोकांना, पाय काय खातायत माझी द्राक्षं?’ असं तो एकदा पेला हातात धरून म्हणाला आणि वाट झाली. त्याच्याच मळ्यात छाटणी करणाऱ्या आन्सेल्मनं मग सुटीच्या दिवशी डबा आणि कुंचला घेऊन तिच्यावर खुणा काढल्या. आडवी पिवळी पट्टी म्हणजे चालत राहा, फुली म्हणजे इकडून नको. पॅरिसपासून कुठकुठली माणसं त्या पट्ट्यांच्या भरवशावर टेकडी ओलांडून मोंत्रॉलला जात. फेर्नां हिवाळ्यात गेला, मुलांनी मळा कंपनीला विकला आणि पेला हातात धरून दिलेला शब्द त्याच्याबरोबर गेला. आता कंपनी मळ्याला कुंपण घालून वाट बंद करणार होती.

चालायला येणाऱ्यांना दुसऱ्या शंभर वाटा होत्या. आन्सेल्मला ही एकच होती. मोंत्रॉलच्या वृद्धाश्रमात ओदील होती, त्याची बायको. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तिची वाचा गेली, उजवा हात गेला, आणि दुपारचं जेवण ती त्याच्या हातूनच घ्यायची. गेल्या वर्षी गाडी चालवताना त्याला घेरी आली, तेव्हा डॉक्टरांनी परवाना काढून घेतला. डांबरी रस्ता टेकडीला मोठा वळसा घालून जाई. त्याला कडेला पाय ठेवायला जागा नाही, आणि हा हंगाम द्राक्षं नेणाऱ्या ट्रकचा. बस दिवसाला एकच, तीही संध्याकाळी सातला; टॅक्सी रोज परवडणारी नव्हती.

“बुधवारी मी सोडत जाईन तुला,” जिनेत म्हणाली. “दर बुधवारी. नक्की.”

“बरं,” आन्सेल्म म्हणाला. उरलेल्या दिवसांचं दोघांनीही काही काढलं नाही.

धोबीघाटापाशी वाटेच्या तोंडाला त्यानं मोठी पिवळी फुली मारली आणि तो आत शिरला. एकेका पट्टीशी थांबायचं, ब्रशनं शेवाळ काढायचं, राखाडीचा हात द्यायचा, कडा बोटानं पुसून दगडात जिरवायच्या. खूण गेली की तो दोन पावलं मागे सरून बघे. दगड नुसता दगड झालेला असे.

वर लोइक खांब ठोकत होता. कंपनीनं ठेवलेला मुकादम, मुलाच्या वयाचा. आन्सेल्मला बघून त्यानं हातोडा खाली ठेवला.

“मस्यू आन्सेल्म, उन्हात कशाला? मला सांगितलं असतंत तर—”

“तू तुझं कर. तार सोमवारीच ना?”

“हो. वीजपण सोमवारीच सोडणार. रानडुकरांनी खालची सगळी ओळ फस्त केलीय.” त्यानं मान खाली घातली. “फाटकाचं विचारलं मी. तुमच्या एकट्यासाठी. किल्ली देऊ म्हटलं. ते म्हणतात, ट्रॅक्टरखाली कुणी आलं तर विमावाले आम्हाला सोडणार नाहीत.”

“त्यांना सांगितलंस, मी इथंच जन्म काढलाय?”

“सांगितलं.”

“मग?”

“म्हणाले, मग तर वय झालं असेल.”

आन्सेल्म हसला. लोइकला मात्र रडू फुटेल असं वाटलं. त्यानं पिकत आलेला एक घोस तोडून कागदात गुंडाळून दिला. “मदामना द्या.”

आन्सेल्म पोचला तेव्हा आश्रमात ताटं लागली होती.

“आले बाई आमचे नवरदेव!” परिचारिका सालिमा म्हणाली. “उशीर केलात आज, आणि हात बघा! आधी नळावर जा, मगच बायकोला हात लावा.”

हात धुऊन तो ओदीलजवळ बसला. गाजराचं दाट सार होतं. चमचा तिच्या खालच्या ओठाला टेकवून तो खिडकीबाहेर बघत राहिला. थोड्या वेळानं चमचा हलका झाला.

“सालिमा, जरा इकडे ये,” तो म्हणाला. “हे शिकून घे. सोमवारपासून मी नाही. बुधवारीच येईन.”

सालिमा हात पुसत जवळ आली. आज ना उद्या हे व्हायचं होतं, हे साऱ्या आश्रमाला माहीत होतं.

“तिच्याकडे बघायचं नाही. ‘आ करा’ म्हणायचं नाही. लाजते ती. आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलंय तिनं. ओठाला चमचा लावायचा आणि बाहेर बघत बसायचं. कुणी बघत नाही असं वाटलं की घेते.”

“माझ्याकडे बाराजण आहेत, मस्यू,” सालिमा हळूच म्हणाली. “बाहेर बघत बसायला…” पण ती बसली. चमचा भरला, टेकवला, खिडकीबाहेर बघितलं.

ओदील आन्सेल्मकडे बघत होती. तोंड मिटलेलं.

“मी इथं आहे म्हणून,” तो म्हणाला आणि उठून बाहेर व्हरांड्यात उभा राहिला. पलीकडे कुणाच्या तरी खोलीत टीव्हीवर सायकलची शर्यत लागली होती. त्यानं कान आतच ठेवला. बराच वेळ काहीच आवाज नाही. त्याला वाटलं, घेतलं असेल. आणि मग चमचा बशीत परत ठेवल्याचा आवाज आला.

“होईल सवय,” सालिमा दारात येऊन म्हणाली. “भूक लागली की घेतील.” पण हे सांगताना तिनं त्याच्या डोळ्यांकडे बघितलं नाही.

उरलेलं सार गार झालं होतं. तेच त्यानं भरवलं, एकेक चमचा, खिडकीबाहेर बघत. मग द्राक्षं सोलून, बिया काढून दिली. सोमवारचं तिला कसं सांगायचं, ते त्यानं सकाळपासून मनात जुळवलं होतं. प्रत्यक्षात तिच्या गळ्याभोवतीचा रुमाल सोडताना तो एवढंच म्हणाला, “सालिमा चांगली पोरगी आहे.” ओदीलनं डाव्या हातानं त्याची बाही धरली. ती सोडवून घ्यायला त्याला वेळ लागला.

मोंत्रॉलच्या बाजूलाही फुली मारून तो परतीला लागला. आता वाटेवर एकही पट्टी नव्हती. पाय आपले आपण चालत होते.

धोबीघाटाशी उतरला तर तिथं एक जोडपं फुलीसमोर उभं. तरुण, पाठीवर सामान. बाईच्या पाठीवरच्या झोळीत वर्षाचं मूल झोपलेलं. नवरा नकाशा उलटसुलट करत होता.

“माफ करा, मोंत्रॉलची वाट हीच ना?” बाईनं विचारलं. “चालणाऱ्यांच्या या नकाशात तर इकडूनच दाखवलीय. आणि ही फुली ओली दिसतेय.”

वाट अजून दोन दिवस उघडी होती. पण आत खुणा नव्हत्या, वर ठिकठिकाणी तारेची भेंडोळी पडलेली, आणि मूल झोपेत चुळबुळत होतं.

“इकडून वाट नाही,” आन्सेल्म म्हणाला. “रस्त्यानं जावं लागेल. लांब आहे. वरच्या थांब्यावर सातची बस मिळेल.”

“पण तुम्ही तर इकडूनच आलात!” नवरा म्हणाला.

आन्सेल्मनं एकदा मागं, वेलींच्या ओळींकडे पाहिलं.

“मी चुकलो,” तो म्हणाला. “वाट चुकलो.”

मग त्यानं डबा भिंतीशी ठेवला आणि त्यांना थांबा दाखवायला निघाला. रस्त्याला लागल्यावर त्यानं मूल पाठीवर असलेल्या त्या बाईला आतल्या अंगाला घेतलं आणि स्वतः गाड्यांच्या बाजूनं चालू लागला.